स्टुटगार्टचा दीड तास

बाबा म्युनिकजवळच्या गार्चिंगला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर ते खिडकीशी खेळत होते. खेळत होते हाच शब्द बरोबर आहे. मूठ आडवी केली की ती खिडकी दारासारखी आत उघडायची, वर फिरवली की नुसती माथ्याकडून कलायची, खाली वळवली की घट्ट बंद. जर्मनीत घरोघरी अशाच खिडक्या असतात. मला तिथे शिकायला येऊन दीड वर्ष झालं होतं आणि थंडी वाजली की बंद करायची वस्तू यापलीकडे मी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी ती वीसेक वेळा उघडली, कलवली, मिटली, मग चौकटीला कान लावला. "एक मूठ आणि तीन कामं! काय डोकं लावलंय बघ लेकाच्यांनी," ते म्हणाले. "चहा टाक. आणि हिच्या वरच्या सांध्याला जरा तेल दे. कुरकुरतोय."

कान लावणं हा बाबांचा स्वभावच होता. चिंचवडच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं हॉबिंग मशीनवर होते. लोखंडाच्या गोल चकतीवर दाते पाडून गिअर बनवायचं ते मशीन. घरी आई मिक्सर लावायची आणि बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "बेअरिंग गेलंय त्याचं, बंद कर!" आई म्हणायची, "चटणी होऊ दे, मग जाऊ दे कुठे जायचंय ते." पण बेअरिंग खरंच गेलेलं असायचं. हे कानाचं शिक्षण त्यांना एका जर्मन फिटरने दिलं होतं. मशीन बसवायला तो आला होता आणि तीन आठवडे राहिला. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून आतलं कसं ऐकायचं ते त्याने बाबांना शिकवलं. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. खंडेनवमीला कारखान्यात घरच्यांना सोडायचे, तेव्हा मी परकर-पोलकं घालून जायचे आणि बाबा मला मशीनसमोर उभं करायचे. झेंडूचा हार, नारळ, आणि मशीनच्या छातीवरच्या पितळी पट्टीला हळदकुंकू. त्या पट्टीवर बनवणाऱ्यांचं नाव आणि खाली त्यांच्या गावाचं नाव. मी आयुष्यात वाचलेला पहिला जर्मन शब्द म्हणजे ते गाव. इथे ते लिहीत नाही. स्टुटगार्टपासून लोकलने पंचवीस मिनिटांवर आहे, एवढं पुरे.

तर बाबा निवृत्त झाले आणि जर्मनीला यायचं ठरलं. आई आली नाही, कारण धाकट्याची बारावी होती. बाबांनी फोनवर एकच गोष्ट मागितली. "मला बाकी काही दाखवू नकोस. ते मशीन बनतं ती जागा तेवढी दाखव." मी म्हणाले, "बघू या की, बाबा." आपल्याकडे 'बघू या' म्हटलं की माणूस समजायचं ते समजतो. बाबा समजले नाहीत, कारण ते लेकीशी बोलत होते.

त्यांची बॅग उघडली तेव्हा घरभर वास सुटला. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, आईने कागदात गुंडाळून दिलेले कुरडयांचे तुकडे. मुग्धा आणि मी, आम्ही दोघी त्या दोन खोल्यांच्या घरात भागीदारीने राहायचो. मुग्धा नाशिकची, माझ्याच वर्गातली. तिने चटणीची पिशवी नाकाला लावून डोळेच मिटले. पण बॅगेच्या तळाशी बाकरवडीचे चार पुडे होते, त्यांना बाबा हात लावू देईनात. "ते कारखान्यातल्या लोकांना. रिकाम्या हाताने कसं जायचं?" मुग्धा हसली. मी हसले नाही.

आता खरं सांगते. इतकी वर्षं मी हे कोणालाच सांगितलं नाही. मला लाज वाटत होती. मी त्याच महिन्यात मशीनं बनवणाऱ्या अशाच कंपन्यांकडे अर्ज पाठवत होते, प्रबंधाचं काम मिळावं म्हणून. प्रत्येक अर्जात नीटनेटका फोटो, नीटनेटकं जर्मन. आणि डोळ्यांसमोर चित्र असं की, बाबा त्या चकचकीत दारात उभे आहेत, खिशाला पेन, हातात बाकरवडी, आणि मोठ्या आवाजात सांगतायत, "आय ऑपरेटर! थर्टी वन इयर!" समोरचे साहेब सभ्यपणे हसतायत. आणि पुढे कधी तिथे माझी मुलाखत झाली तर कोणाला तरी आठवतंय, अरे, ही ती! चोवीस वर्षांची होते, पण वयाच्या आड लपत नाही. चोवीसाव्या वर्षी माणसाला चांगलं कळतं. मी त्या कंपनीला एक ओळही लिहिली नाही, आणि बाबांना सांगितलं, "मेल केलीय, उत्तर नाही आलं." चार दिवसांनी म्हणाले, "सध्या बाहेरच्यांना सोडत नाहीत म्हणे." बाबा म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. उगाच कोणीही आत आलं तर कामात व्यत्यय." स्वतःच्या कारखान्याची बाजू घ्यावी तशी त्यांनी त्यांची बाजू घेतली.

आणि गंमत बघा, ज्या गोष्टीला मी भीत होते ती त्याच आठवड्यात आमच्या तळघरात घडली, आणि काहीसुद्धा बिघडलं नाही. इमारतीतली सामाईक धुलाईची मशीनं तळघरात होती. त्यातलं एक खडखड करायचं. बाबा कपडे घेऊन गेले ते तासभर आलेच नाहीत. मी धावत खाली गेले, तर आमचा हाऊसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा तो लालबुंद चेहऱ्याचा अवाढव्य माणूस, ज्याला आम्ही दोघी टरकून असायचो, तो आणि बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते. मशीनचं मागचं झाकण निघालेलं. बाबा मराठीत बोलत होते, तो त्याच्या बव्हेरियन बोलीत, आणि स्क्रूड्रायव्हर कधी ह्याच्या कानाला, कधी त्याच्या. "अरे बाबा, पट्टा नाही, पट्टा नाही, खाली बघ, कप्पी!" बाबा म्हणाले. "गेनाऊ! गेनाऊ!" तो म्हणाला. बाबांनी मला विचारलं, "गेनाऊ म्हणजे काय गं?" म्हटलं, "अगदी बरोबर." त्या दिवसापासून बाबा प्रत्येक वाक्याला गेनाऊ म्हणायला लागले. मीठ बरोबर आहे का, तर गेनाऊ. झोप लागली का, तर गेनाऊ. संध्याकाळी तो हाऊसमाइस्टर काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन दारात आला. एवढं बघूनही माझी अक्कल जागेवर आली नाही, याला काय म्हणावं?

कारखान्याच्या बदल्यात मी त्यांना युरोप दिला. जोडून सुट्टी आली होती, शुक्रवार ते रविवार, तीन दिवसांत तीन देश. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम. तेव्हा आम्ही सगळेच विद्यार्थी असं फिरायचो. पाठीवर एक पिशवी, खांद्याला कॅमेरा, आणि शहर म्हणजे वहीत खूण करायची गोष्ट. शिवाय काकू-मावश्यांची यादी होतीच. टॉवरसमोर फोटो हवा, कालव्यातल्या बोटीतला हवा. मेथीचे ठेपले मुग्धाने लाटून दिले, बाबांनी बाकरवडीचा एक पुडा पिशवीत टाकला. मी म्हणाले, "अहो बाबा, खायला आहे भरपूर." ते म्हणाले, "असू दे. स्टुटगार्टवरून जाते ना गाडी?" मी कानाडोळा केला.

पॅरिसला त्या टॉवरखाली माणसांची ही गर्दी, सगळ्यांच्या माना वर, आणि बाबा त्याच्या पायाशी वाकून रिव्हेटवर हात फिरवतायत. "वेल्डिंग नाही कुठे. सगळं रिव्हेट मारून जोडलंय. हात लाव, हात लाव." मी म्हणाले, "बाबा, इकडे बघा, फोटो." ब्रसेल्सला मी त्यांना शू करणाऱ्या त्या वीतभर पुतळ्यासमोर उभं केलं. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे बघायला आलो आपण? एवढं तर आपल्या गल्लीत रोज सकाळी दिसतं." मला हसू आलं, पण आतून चिडलेही. माझा सगळा कार्यक्रम त्यांनी गोड मानून घ्यायला हवा होता. त्यांना तो गोड लागला तर माझं खोटं आपोआप फिटलं असतं.

तीन दिवसांत ते एकदाच मनापासून खुलले. ॲमस्टरडॅमच्या बाहेर जुन्या पवनचक्क्या आहेत, त्यातली एक आतून बघता येते. वर लाकडाची अजस्र चक्रं फिरत होती आणि त्यांना दातेही लाकडाचेच. बाबा तिथे खिळले. "अगं, दाते बघ! एकेक वेगळा बसवलाय. झिजला की तेवढाच काढायचा, नवा ठोकायचा. आणि काय बसलंय मेशिंग, दात्यात दाता! आवाज ऐक." मी ऐकलं. लाकूड लाकडावरून जाताना मऊ टकटक होत होती. चक्कीवाला म्हातारा त्यांच्याकडे टक लावून बघत होता, त्याला काहीतरी सांगायचं होतं, मी नुसतं मधे उभं राहून दोघांचं भाषांतर करायचं बाकी होतं. मी घड्याळ पाहिलं. "बाबा, बोट चुकेल." ते लगेच निघाले. त्या बोटीतल्या फोटोत बाबा हसतायत, पण त्यांची नजर मागे किनाऱ्याकडे आहे. तो फोटो मावशीने फ्रेम करून लावलाय.

रविवारी परतताना आमची गाडी स्टुटगार्टला उशिरा पोचली आणि म्युनिकची पुढची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. नंतरची दीड तासाने. मी कॉफी घेऊन आले तेव्हा बाबा सुटणाऱ्या गाड्यांच्या फलकाखाली उभे होते. इंग्रजी ते चाचपडत वाचायचे, पण त्या फलकावरचं एक नाव त्यांनी धडाधड वाचलं, पाठ असलेल्या स्तोत्रासारखं. "हे बघ! इथून गाडी आहे. किती लांब?"

"पंचवीस मिनिटं."

"जाऊन येऊ या का गं? आत नाही जायचं. गेटापर्यंत."

"बाबा, आज रविवार. सगळं बंद असेल."

"बंद असू दे की. मी बंद गेट बघीन."

आजही मला कळत नाही की मी काय वाचवत होते. गेटावर रविवारी कोण असणार होतं? कुठला साहेब, कुठली मुलाखत? पण एकदा माणूस खोटं बोलला की त्या खोट्याची राखण करत बसतो. गेटाजवळ गेलो आणि तिथे पाहुण्यांसाठी वेळापत्रकाची पाटी असली तर? बाबांनी विचारलं, हे काय लिहिलंय, तर? मी म्हणाले, "आणि परतीची गाडी चुकली म्हणजे? उद्या माझी अबगाबे आहे, बाबा, पेपर द्यायचाय प्रोफेसरांना." अबगाबे दुपारी बाराला होती आणि काम जवळजवळ झालेलं होतं.

"मग राहू दे," बाबा लगेच म्हणाले. "तुझं काम आधी. गेनाऊ."

आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून बाकरवडीचा पुडा काढला, दाताने फोडला आणि माझ्यापुढे धरला. "घे. आता कोणाला द्यायची?" मी दोन तुकडे खाल्ले. त्यांनीही खाल्ले. शेजारी एक जर्मन आजीबाई बसल्या होत्या, त्यांनाही बाबांनी दिली, आणि त्या खोकत खोकत हसल्या. त्या दीड तासात त्या गावाला तीन गाड्या गेल्या. बाबांनी प्रत्येक वेळी मान वर करून फलकावरची ती ओळ पुसली जाताना पाहिली. आणि मी कॅमेऱ्यातले नको असलेले फोटो काढून टाकत बसले होते.

मंगळवारी, म्हणजे त्यांच्या परतीच्या आदल्या दिवशी, बाबा स्वयंपाकघरात लसूण सोलत होते, आम्हाला महिनाभराची चटणी करून ठेवायची म्हणून. मुग्धा कॉलेजातून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "काका, मग कारखाना झाला का बघून? आम्ही सेमिनारच्या ग्रुपबरोबर गेलो होतो मागे. एक मेल टाकली तर दोन दिवसांत या म्हणाले. कॉफी दिली, केक दिला, इतकी चांगली माणसं!" मी गॅसपाशी पाठ करून उभी होते. कढईत शेंगदाणे होते. मला वाटलं, आता बाबा काहीतरी बोलणार, आणि बोलले असते तर फार बरं झालं असतं. बाबा म्हणाले, "नाही गं, ह्या वेळी जमलं नाही. आणि मशीन काय, एकतीस वर्षं बघितलंय की. पॅरिस कुठे बघितलं होतं?" मग मला म्हणाले, "दाणे जळतायत, बाळा." खरंच जळत होते.

विमानतळावर मी "पुढच्या वेळी नक्की" म्हणाले. ते "गेनाऊ" म्हणाले आणि हात हलवत आत गेले. पुढची वेळ आली नाही. आधी माझी नोकरी, मग लग्न, मग त्यांचं हृदय, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. मला पुढे स्टुटगार्टलाच नोकरी लागली, म्हणजे बघा! त्या गावावरून मी महिन्यातून दोनदा तरी जाते. उतरले नाही कधी. परवा शाळेत पालकसभेला माझ्या लेकीने तिच्या बाईंसमोर माझं जर्मन दुरुस्त केलं, मी मराठीत दटावलं तर उत्तरही जर्मनमध्येच दिलं. नवरा घरी येऊन तिच्यावर चिडला. मला कोणत्या तोंडाने बोलता येणार होतं?

बाबा गेले तेव्हा मी चिंचवडला पोचले ती दुसऱ्या दिवशी दुपारी. दहाव्यानंतर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. त्यात एके दिवशी जाधवकाका आले. बाबांची पाळी संपली की त्याच मशीनवर जाधवकाका उभे राहायचे, वीस-बावीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या हातात मशीन दिलं होतं. आता काठी, जाड भिंगाचा चष्मा. आईने चहा आणून ठेवला आणि ती दाराशी उभी राहिली. काकांनी चहाला हात लावला नाही.

"पोरी, तुला एकदा भेटायचंच होतं," ते म्हणाले. "आमच्यातलं कोणी गेलं नाही तिथे. तुझा बाप गेला म्हणजे आम्ही सगळे गेलो. परत आला तेव्हा कँटीनमध्ये दोन्ही पाळ्यांची माणसं गोळा करून सांगितलं त्याने. आणि नंतर दर खंडेनवमीला आम्ही त्याला परत सांगायला लावायचो."

मला काही सुधरेना. मी आईकडे पाहिलं. तिला खरं माहीत होतं, ते तिच्या तोंडावरूनच कळलं. ती खाली बघत होती.

"जमिनीवर तेलाचा थेंब नाही म्हणे. एवढा मोठा हॉल आणि माणसं कुजबुजल्यासारखी बोलतात. आपलं मशीन जोडताना बघितलं त्याने, हात लावू दिला त्यांनी." काकांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "पण खरं सांगू का, मशीनचं तो थोडकंच सांगायचा. तुझंच जास्त. म्हणायचा, मी मागे उभा होतो, मला कुठे बोलता येतंय. पोरगीच पुढे झाली. सगळे मोठे साहेब उभे होते, त्यांच्यासमोर माझा हात धरला आणि जर्मनमध्ये म्हणाली, हे माझे वडील. तुमचं मशीन ह्यांनी एकतीस वर्षं चालवलं." त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. "असंच म्हणालीस ना गं तू?"

आई दारातून आत निघून गेली.

"हो, काका," मी म्हणाले. "असंच म्हणाले."